डॉरसेटच्या शेतमजुरांचा माग: दाखले, जनगणना आणि पॅरिशच्या वह्या

इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्याचा इतिहास काढणं तसं सोपं. मृत्युपत्रं असतात, खरेदीखतं असतात, चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या असतात. शेतमजुराकडे यातलं काहीच नव्हतं. जमीन दुसऱ्याची, झोपडी मालकाची, पुरल्या जागेवर दगडसुद्धा नाही. पण त्याच्यावर खर्च करायची वेळ कुणावर आली, किंवा त्याला मोजायची गरज सरकारला पडली, की त्याचं नाव कागदावर यायचं. त्यामुळे मजुराचा शोध म्हणजे इतरांनी आपापल्या कामासाठी लिहिलेल्या कागदांचा शोध, हे सुरुवातीलाच धरून चाललं तर बरीच चिडचिड वाचते.

माझ्या जावयाच्या आईचं माहेर दक्षिण इंग्लंडमधल्या डॉरसेट काउंटीतलं. डॉर्चेस्टरच्या ईशान्येला पडलटाउन, टोलपडल, ड्यूलिश, बेअर रेजिस अशी गावं आहेत, त्यातलंच. घरात ठाऊक होतं ते एवढंच की ‘सगळे शेतावर राबणारे होते’. ब्रिटनमध्ये सून किंवा जावई इंग्रज असलेली मराठी घरं आता बरीच आहेत, आणि नातवंडं दोन्हीकडची वंशावळ मागतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे. घराण्याचं आडनाव मात्र देत नाही.

सप्टेंबरमध्ये सुरुवात केली ती १९३९ च्या नोंदवहीपासून. कारण सरळ आहे: १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि १९२१ नंतरच्या जनगणना शंभर वर्षांच्या नियमामुळे बंद आहेत. या मधल्या पोकळीत २९ सप्टेंबर १९३९ ला रेशन आणि ओळखपत्रांसाठी केलेली नोंदणी तेवढी हाती लागते. तिच्यात वय नसतं, पूर्ण जन्मतारीख असते. नंतर लग्न झालेल्या मुलींची सासरची नावंही तिच्यात पुढे वेगळ्या शाईने घातलेली दिसतात. ज्यांच्या मृत्यूची खातरजमा झालेली नाही आणि जन्माला शंभर वर्षं व्हायची आहेत त्यांच्या ओळी झाकलेल्या असतात, त्यामुळे मुलं दिसली नाहीत तर ती नव्हतीच असं समजू नये. इथे पणजोबांची जन्मतारीख मिळाली, १८९३ मधली, आणि धंदा: गुराखी.

मग जन्मदाखला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की जन्म आणि मृत्यूची सूची फुकट शोधता येते. या सूचीचा मोठा फायदा असा की तिच्यात आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलेलं आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळतं. तोटा असा की मुलगा की मुलगी हे आधी ठरवावं लागतं, आणि एका वेळी दिलेल्या वर्षाच्या मागे-पुढे दोनच वर्षं शोधता येतात. आईच्या आडनावाच्या जागी नुसती रेघ असेल तर बहुधा मूल लग्नाबाहेरचं आहे.

नोंद ओळखायची ती तिमाही, जिल्हा, खंड आणि पान यांवरून. डॉरसेटचा खंड १८५१ पर्यंत ८, त्यानंतर ‘५ए’. जिल्हा म्हणजे नोंदणीचा जिल्हा, काउंटी नव्हे. त्याच्या सीमा शेजारशेजारच्या गावांमधून जातात, त्यामुळे दोन मैलांवर राहायला गेलेल्या कुटुंबाचं पुढचं मूल वेगळ्याच जिल्ह्यात सापडतं. आणि तिमाही नोंदणीची असते, जन्माची नसते. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती, म्हणून डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत निघू शकतं.

मी मागवले तेव्हाचे दर असे होते: कागदी दाखला १२.५० पौंड, पीडीएफ ८ पौंड, आणि जुन्या नोंदीचं नुसतं डिजिटल चित्र ३ पौंड. चित्र लगेच उघडतं, पीडीएफला चार-पाच कामाचे दिवस लागतात. वंशावळीसाठी चित्र पुरतं. कायदेशीर कामाला चालत नाही, पण आपल्याला ते नकोच आहे. शंभर वर्षांहून जुन्या जन्मांना ही सोय मिळते, मृत्यूंना १८८७ पर्यंतच. लग्नाच्या दाखल्याला मात्र पीडीएफही नाही आणि चित्रही नाही, पूर्ण साडेबारा पौंड मोजावे लागतात. पण लग्न चर्चमध्ये झालं असेल तर थांबा: १८३७ नंतरच्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, विवाहवहीत आणि सरकारी दाखल्यात अक्षरशः तेच रकाने असतात. वहीचं चित्र ऑनलाइन असेल तर पैसे घालवायचं कारण नाही. शिवाय वहीत नवरा-नवरीची खरी सही किंवा फुलीची खूण दिसते. सरकारी दाखला नकलेची नक्कल असते.

१८७५ आधीच्या जन्माबद्दल एक सावधगिरी. तोवर नोंदणी करायची मुख्य जबाबदारी रजिस्ट्रारवर होती, आईबापांना फारसा धाक नव्हता. दूरच्या वस्तीवरची काही मुलं सरळ सुटून गेली आहेत. दाखला नाही म्हणून अडून बसू नये, बाप्तिस्म्याची वही उघडावी.

जनगणनांचं काम हिवाळाभर चाललं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त रंगत तिथेच आली. नियम एकच, उलट दिशेने यायचं आणि एकही वर्ष गाळायचं नाही. १९२१, १९११, १९०१, १८९१, असं करत १८४१ पर्यंत. ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत अॅन्सेस्ट्री हे वंशावळीचं वर्गणीवालं संकेतस्थळ फुकट वापरता येतं; लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या राष्ट्रीय दप्तरखान्यात फाइंडमायपास्ट हे तसलंच दुसरंही. १८८१ ची नक्कल फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत आहे. वर्गणी भरायचीच असेल तर आधी घरातली माहिती आणि फुकटच्या सूच्या संपवा, मग एकाच महिन्याची वर्गणी घेऊन सलग बसा.

१९२१ च्या जनगणनेची रात्र १९ जूनची. एप्रिलमध्ये व्हायची होती, संपाच्या भीतीने पुढे गेली. शेतमजुरांसाठी हिच्यातला सगळ्यात मोलाचा रकाना मालकाच्या नावाचा. ‘शेतमजूर’ एवढ्या मोघम शब्दामागे कुठला शेतकरी, कुठलं शेत हे इथे पहिल्यांदा कळतं. वय वर्षं आणि महिन्यांत आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांपुढे आईबाप हयात आहेत की नाहीत हेही लिहिलेलं असतं.

१९११ चं वेगळेपण असं की त्यात घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला कागद शिल्लक आहे. त्याआधीचे घरोघरचे कागद नष्ट केले गेले. आपण पाहतो ती प्रगणकाने आपल्या वहीत उतरवलेली नक्कल. १९११ मध्ये लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली, असे चार आकडे मागितले होते. या घरात लग्नाला २३ वर्षं, ११ मुलं, हयात ७, गेलेली ४. हे आकडे म्हणजे कामाची यादीच असते: चार मुलांचे जन्म आणि मृत्यू शोधायचे बाकी आहेत हे त्यावरून कळलं. दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून गेलेली मुलं दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत. सूचीत आईचं आडनाव आणि जिल्हा घालून चौघंही सापडली. चारांतली तीन वर्षाच्या आत गेलेली. या टप्प्यावर मन जरा जड होतं, आणि पुढे १८३० च्या दशकात शिरल्यावर त्याची सवय होते असंही नाही.

आता डॉरसेटची खास गोष्ट. इथले शेतमजूर वर्षाच्या कराराने कामाला लागत. फेब्रुवारीत कॅंडलमास या ख्रिस्ती सणाच्या सुमाराला मजुरांच्या बाजारात पुढच्या वर्षाचा मालक ठरायचा, आणि ६ एप्रिलला, म्हणजे जुन्या पंचांगाच्या लेडी डे या सणाला, गाडीत सामान टाकून कुटुंब नव्या शेतावर जायचं. आता जनगणनेच्या रात्री बघा: १८५१ ची ३० मार्च, १८६१ ची ७ एप्रिल, १८७१ ची २ एप्रिल, १८८१ ची ३ एप्रिल, १८९१ ची ५ एप्रिल, १९०१ ची ३१ मार्च, १९११ ची २ एप्रिल. म्हणजे १८६१ सोडली तर बाकी सगळ्यांत कुटुंब जुन्या घरात, जायच्या तयारीत असताना मोजलं गेलं. १८६१ मध्ये मात्र आदल्याच दिवशी नव्या गावात उतरलेलं. याचा व्यवहारात अर्थ असा की १८७१ मधला पत्ता घेऊन त्याच वर्षीच्या जूनमधला बाप्तिस्मा त्या गावात शोधलात तर हात रिकामे येऊ शकतात. दोन गावं पुढे बघायचं.

ही भटकंती ओळखायची तर मुलांच्या जन्मगावांचा रकाना वाचायचा. १८७१ मध्ये एकाच घरात थोरला पडलटाउनचा, त्याखालची टोलपडलची, तिच्यानंतरचे दोघे ड्यूलिशचे आणि तान्हं बेअर रेजिसचं. हा रकाना म्हणजे कुटुंबाच्या मुक्कामांचा तक्ताच. कुठल्या वर्षी कुठल्या पॅरिशची वही उघडायची ते त्यातच लिहिलेलं असतं. पडलटाउन जुन्या कागदांत ‘पिडलटाउन’ असंही येतं, तेव्हा दोन्ही घालून शोधावं.

आडनावं अशीच सांभाळून घ्यावी लागतात. मजुराला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे स्पेलिंग ठरायचं ते लिहिणाऱ्याच्या कानावर. डॉरसेटच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘फ’ हा ‘व’ सारखा आणि ‘स’ हा ‘झ’ सारखा उच्चारतात; ‘ह’ कधी गळतो, कधी नको तिथे लागतो. आडनाव सापडत नसेल तर ते घालूच नका. बायकोचं पहिलं नाव, मुलाचं नाव, वय, गाव एवढ्यावर शोध घ्या. वाइल्डकार्ड म्हणून, म्हणजे कुठल्याही अक्षरांच्या जागी, तारांकित खूण चालते, पण पहिलं अक्षरच बदललेलं असलं तर तिचाही उपयोग मर्यादित.

नात्यांचे शब्दही जपून घ्यावे. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीत ‘डॉटर-इन-लॉ’ म्हणजे सून असेलच असं नाही; दहा वर्षांच्या मुलीपुढे तो शब्द दिसला तर ती बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी असते. विधुराने लगेच दुसरं लग्न करणं हे या वर्गात नेहमीचंच होतं. सहा लेकरं आणि पहाटेपासूनची कामं, घर सांभाळायला कुणीतरी लागायचं. म्हणून दोन जनगणनांत बायकोचं नाव तेच असलं तरी वय चार-पाच वर्षांनी मागे-पुढे झालं असेल तर मधला मृत्यू आणि दुसरं लग्न शोधून बघावं.

१८४१ ही नावं असलेली पहिली देशव्यापी जनगणना, ६ जूनची. ती पेन्सिलीने लिहिली आहे, त्यामुळे चित्र फिकट दिसतं. पडद्यावर रंग उलटे करून पाहिल्यास वाचायला बरं पडतं. पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली: ३३ चा माणूस ३० लिहिलाय. नातं लिहिलेलं नाही. जन्मगावही नाही, फक्त याच काउंटीत जन्म आहे की नाही, ‘वाय’ किंवा ‘एन’. एका घराच्या शेवटी दोन तिरप्या रेघा, त्याच घरातल्या दुसऱ्या कुटुंबाआधी एक. शेतमजुराला ‘एजी लॅब’ असं आखूड करून लिहिलंय, पानंच्या पानं तेच. बायकांपुढचा रकाना बहुतेक कोरा, पण कोरा म्हणजे त्या रिकाम्या बसल्या होत्या असं नव्हे. ब्लँडफर्ड, शाफ्ट्सबरीच्या बाजूला बायका-मुली घरी बसून दोऱ्याची बटणं विणत. १८५० नंतर यंत्राची बटणं आल्यावर हे उत्पन्न बुडालं आणि बरीच कुटुंबं तो भाग सोडून गेली. १८६१ मध्ये एखादं घर अचानक गायब होण्यामागे असंही कारण असू शकतं.

या शाखेत गायब झालेला एक होता पणजोबांचा थोरला भाऊ. १९०१ मध्ये गाडीवानाचा पोरगा म्हणून आहे, १९११ च्या घरात नाही, मृत्यूही सापडेना. तो सैन्यात निघाला, डॉरसेटशायर रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये. ऑगस्ट १९१४ मध्ये ही बटालियन पुण्यात होती. सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर ती नोव्हेंबरात आजच्या इराकमधल्या फाओला उतरली आणि पुढे कुतच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. अशा माणसासाठी तीन ठिकाणं पाहावीत. १९११ च्या जनगणनेत परदेशातल्या छावण्याही मोजल्या आहेत, म्हणून शोधात ‘डॉरसेट’ची अट काढून टाका. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवापुस्तकांपैकी बहुतांश सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, पण पदकांची कार्डं शिल्लक आहेत. आणि भारतात मृत्यू, लग्न किंवा मुलाचा बाप्तिस्मा झाला असेल तर मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत.

मार्चच्या सुमाराला १८३७ च्या मागे जायची वेळ आली आणि कामाचा पोत बदलला. आता सरकार नाही, फक्त पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा भाग, पण हे चर्च गरिबांना पोसायची, रस्ते दुरुस्त करायची जबाबदारीही उचलत होतं. डॉरसेटच्या पॅरिश वह्यांची चित्रं अॅन्सेस्ट्रीवर आहेत. त्याआधी डॉरसेटच्या ‘ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स’ची मोफत संकेतस्थळं पाहावी; स्वयंसेवकांनी गावागावांच्या नोंदी उतरवून ठेवल्या आहेत. उतारा शोधायला, चित्र खात्रीला, हा क्रम ठेवावा. उतारा करणारे ‘फुलीची खूण’, समासातलं बारीक अक्षर, ‘भिकारी’ अशी टीप सोडून देतात, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

वहीत काय मिळेल हे तारखेवर अवलंबून आहे. १ जानेवारी १८१३ पासून छापील नमुने आले: बाप्तिस्म्यात आईबापांची पहिली नावं, आडनाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, दफनात वय आणि राहण्याचं ठिकाण. त्याआधीच्या वहीत बहुधा एक ओळ, अमक्या-तमकीचा मुलगा अमुक, बस. दफनात वय नसतंच म्हटलं तरी चालेल. २५ मार्च १७५४ पासून लग्नाची वही वेगळी, सह्यांसकट, साक्षीदारांसकट. १७८३ ते १७९४ प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता, गरिबांना माफ. त्या वर्षांत नावापुढे ‘पी’ (पॉपर, म्हणजे कंगाल) दिसला तर कुटुंब पॅरिशच्या मदतीवर होतं किंवा पाद्र्याने त्यांना तसं दाखवून कर वाचवला. १७३३ आधी कधी कधी लॅटिन, आणि १७५२ आधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे फेब्रुवारी १७४० हा आपल्या हिशोबाने १७४१ चा. मजुरांच्या बाबतीत तितक्या मागे जाण्याची वेळ क्वचितच येते.

लग्नाच्या नोंदीत १८३७ पासून दोघांच्याही बापाचं नाव आणि धंदा असतो. आईचं नाव? ते इंग्लंडच्या विवाहनोंदीत यायला ४ मे २०२१ उजाडावा लागला. लग्न बहुधा नवरीच्या पॅरिशमध्ये लागायचं, म्हणून नवऱ्याच्या गावात नसेल तर पुकाराची वही पाहावी. लग्नाआधी सलग तीन रविवार दोघांच्याही पॅरिशमध्ये नावं पुकारली जात, आणि त्या नोंदीत दुसऱ्याचं पॅरिश लिहिलेलं असतं.

खरा गुंता इथे आला. १८४१ मधला विल्यम, वय ३० लिहिलेला. १८५१ मध्ये जन्मगाव ड्यूलिश, १८६१ मध्ये पडलटाउन. आणि १८०८ च्या सुमाराला याच नावा-आडनावाचे दोन बाप्तिस्मे, एक इथला, एक तिथला. अशा वेळी लोक जवळचं वय बघून एक निवडतात आणि पुढे जातात. ऑनलाइन झाडांमध्ये असे निवडलेले बाप शेकड्याने सापडतात, आणि एकाने घेतला की संकेतस्थळ इतरांना तोच सुचवत राहतं. दुसऱ्याच्या झाडातून सूचना घ्यावी, पुरावा घेऊ नये.

दोघांतून एक काढायची रीत अशी. पहिल्याप्रथम दोघांच्याही गावच्या दफनवह्या पुढची दहा वर्षं वाचायच्या. मेलेल्या मुलाला कुणी वंशज नसतात, आणि त्या काळात हा प्रश्न बऱ्याचदा इथेच सुटतो. १८११ मध्ये पडलटाउनला ‘विल्यम, जॉनचा मुलगा’ असं दफन आहे, पण वय नसल्याने पक्कं म्हणता येईना. मग दोघांच्या भावंडांची यादी करायची आणि नावं पडताळायची. त्याच आईबापांचा दुसरा विल्यम दोन वर्षांनी बाप्तिस्म्याला आला असेल तर पहिला गेलेला. मग लग्नातले साक्षीदार. एवढं करूनही उरतं ते पॅरिशच्या गरीबकायद्याच्या कागदांकडे न्यायचं.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाचं एक ‘हक्काचं’ पॅरिश ठरत असे. मदत मागायची वेळ आली तर तेच पॅरिश पैसे देणार, दुसरं देणार नाही. हक्क बापाकडून मिळायचा, बाईला नवऱ्याकडून. शिवाय अविवाहित असताना पूर्ण वर्षभराची चाकरी केली, कारागिराकडे उमेदवारी केली किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली तरी मिळायचा. (म्हणूनच काही शेतकरी ५१ आठवड्यांसाठीच गडी ठेवत.) परका माणूस आजारी पडला किंवा बायको बाळंतपणाला आली की दोन न्यायाधीशांपुढे त्याची शपथेवर तपासणी व्हायची: जन्म कुठे, बाप कुठला, कुणाकडे किती वर्षं चाकरी, लग्न कधी, मुलं किती वर्षांची. मजुराचं आत्मचरित्र म्हणावं असा हा एकच कागद असतो, अर्ध्या पानाचा. डॉरसेटचे असे बरेच कागद आणि लग्नाबाहेरच्या मुलांच्या पोटगीची कागदपत्रं अॅन्सेस्ट्रीवर आहेत.

१८३३ मध्ये विल्यमची तपासणी झालेली सापडली. जन्म ड्यूलिशला, बाप पडलटाउनला कामाला गेलेला, स्वतः सतराव्या वर्षी टोलपडलच्या एका शेतकऱ्याकडे वर्षभराच्या बोलीवर, वर्ष पुरं केलं, दोन वर्षांपूर्वी लग्न, एक मूल. १८५१ आणि १८६१ मधला विरोध इथे सुटला: जन्म एकीकडे, वाढ दुसरीकडे, आणि जनगणनेला सांगताना कधी हे तर कधी ते. ही त्याच टोलपडलची वर्षं आहेत जिथे मजुरी आठवड्याला सात शिलिंगवर आणल्यामुळे मजुरांनी संघटना केली आणि १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडलं गेलं. त्यातले बहुतेक मेथडिस्ट, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथाचे, होते. म्हणून या भागात १८०० नंतरचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत नसला तर मेथडिस्ट चॅपलच्या वह्या पाहाव्या; १८३७ पर्यंतच्या जमा केलेल्या वह्या क्यूला ‘आरजी ४’ मध्ये आहेत.

१८३४ नंतर पॅरिशांचे संघ (युनियन) झाले आणि मदत मागणाऱ्याला वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणारी संस्था, दाखवलं जाऊ लागलं. म्हातारपणी जनगणनेत घर सापडेना तर डॉर्चेस्टर युनियनच्या वर्कहाउसची पानं पाहा. काही संस्थांत माणसांची नुसती आद्याक्षरं लिहिलेली असतात, तेव्हा वय आणि जन्मगावावरून ओळखावं लागतं. आणि तुरुंग विसरू नका. डॉर्चेस्टर तुरुंगाची १७८२ ते १९०१ ची रजिस्टरं ऑनलाइन आहेत. ससे मारणं, कुंपणाची लाकडं नेणं, करार मोडून काम सोडणं, असल्या गुन्ह्यांना मजूर आत जायचे, आणि आत घेताना उंची, केसांचा-डोळ्यांचा रंग, व्रण, वाचता येतं का, सगळं लिहिलं जायचं. विल्यमच्या धाकट्या भावाची उंची पाच फूट चार इंच आणि डाव्या अंगठ्यावर विळ्याची खूण आहे, हे घरच्यांना सांगितलं तेव्हा लाज कुणालाच वाटली नाही. सगळे आपापले अंगठे बघत होते.

जूनमध्ये डॉर्चेस्टरच्या डॉरसेट हिस्टरी सेंटरला जाणं झालं. ज्या वह्यांची चित्रं ऑनलाइन आहेत त्या मूळ स्वरूपात सहसा बाहेर काढत नाहीत, म्हणून त्यासाठी प्रवास करू नये. जावं ते ऑनलाइन नसलेल्यासाठी: गरिबांच्या देखरेख्यांचे (मदतीचे पैसे वाटणाऱ्यांचे) हिशेब, वेस्ट्रीच्या (पॅरिशच्या कारभारी मंडळाच्या) सभांची इतिवृत्तं, शाळेची हजेरी आणि रोजनिशी. देखरेख्यांच्या हिशेबात ‘विल्यमच्या बायकोच्या आजारपणात’, ‘जोड्यासाठी’, ‘शवपेटीसाठी’ अशा रकमा शिलिंग-पेन्समध्ये येतात. शाळेच्या प्रवेशवहीत जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘गाव सोडलं’ची रांग लागलेली दिसते, तीच लेडी डेची.

जाण्याआधी कॅटलॉगमधून संदर्भ क्रमांक काढून कागद आगाऊ मागवून ठेवावे, आणि उघडण्याचे वार तपासावे. असली केंद्रं आठवडाभर उघडी नसतात. फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा बरोबर हवा. पिशव्या बाहेर, आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. फोटो काढायचे तर शुल्क आणि परवानगी आधी विचारावी, आणि प्रत्येक फोटोच्या चौकटीत संदर्भ क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. नाहीतर घरी आल्यावर चाळीस पानांतलं कुठलं पान कुठल्या वहीतलं ते कळत नाही.

विल्यमचा बाप जॉन. त्याचं लग्न १७९९ चं, पुकारानंतर, दोघांचीही फुली. त्याच्या जन्मासाठी १७७० ते १७८० मध्ये तीन शेजारच्या पॅरिशांत तीन जॉन आहेत. एकाचं दफन सापडलं, दोन उरले. दोघांपैकी एकाच्या बापाचं तपासणीपत्र हिशेबाच्या गठ्ठ्यात असण्याची शक्यता आहे. तो गठ्ठा दुरुस्तीला गेलेला असल्याने पाहता आला नाही. तोवर झाडात जॉनच्या वरची जागा मोकळी ठेवली आहे, आणि दोन्ही उमेदवारांची नावं, पॅरिश आणि वर्षं समासात पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.